चार नांवांचें एक उद्यान

मनुष्याचें नांव बदललें म्हणून त्याचा पूर्वेतिहास बदलत नाहीं. करमणुकीच्या स्थळाचें मात्र तसें नाहीं. तेथें नांव बदललें, कीं कोणता भूतकाळ आपला म्हणावयाचा हेंहि नव्यानें ठरतें. अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांत, ग्रेट स्मोकी पर्वताच्या पायथ्याशीं पिजन फोर्ज नांवाचें गांव आहे. तेथील एका उद्यानाला पंचवीस वर्षांत चार नांवें मिळालीं. त्यांची हकीकत म्हणजे एका डोंगरी मुलखाला स्वतःची ओळख उशिरानें कशी सांपडली, याची हकीकत होय.

या बाजूस प्रवाशांचा ओघ वाढला तो १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यानामुळें. डोंगर पाहावयास जाणारीं कुटुंबें पिजन फोर्जवरून जात. नॉर्थ कॅरोलायनांत एक जुनी आगगाडी करमणुकीसाठीं चालवून यश मिळविलेल्या रॉबिन्स बंधूंनीं ही संधि हेरली आणि १९६१ सालीं येथें 'रिबेल रेलरोड', म्हणजे बंडखोरांची आगगाडी, सुरू केली. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या आरंभास त्या वर्षीं शंभर वर्षें होत होतीं. गाडी दरींतून निघे, उत्तरेच्या सैनिकांच्या वेषांतील नट तिच्यावर हल्ला करीत आणि दक्षिणेचे शिपाई उतारूंचें रक्षण करीत.

यांतील विसंगति लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या सेव्हियर परगण्यांत हा खेळ चाले, त्या परगण्यानें १८६१ च्या जून महिन्यांतील मतदानांत संघराज्यांतून फुटून निघण्यास प्रचंड बहुमतानें विरोध केला होता. डोंगरांतील लहान शेतकऱ्यांपैकीं फारच थोड्यांजवळ गुलाम होते. मळेवाल्यांच्या लढाईंत त्यांचा स्वार्थ नव्हता. म्हणजे येथील बहुसंख्य पूर्वज ज्या निशाणाशीं एकनिष्ठ राहिले, त्याच निशाणाचे शिपाई त्यांच्याच भूमीवर रोज दरोडेखोर ठरत होते!

त्याच दशकांत उद्यानाचें नांव 'गोल्डरश जंक्शन' झालें. युद्ध गेलें आणि सोनें शोधणाऱ्या पश्चिमेकडील धाडशी लोकांचा देखावा आला. १९७० सालीं क्लीव्हलंड ब्राउन्स या फुटबॉल संघाच्या मालकांनीं तें विकत घेतलें. पण सोंग उसनें तें उसनेंच राहिलें. पुढें १९७६ सालीं मिसुरींतील हर्शेंड बंधूंकडे मालकी गेली व दुसऱ्या वर्षीं त्यांनीं आपल्या मूळ उद्यानाचें 'सिल्व्हर डॉलर सिटी' हें नांव यासहि दिलें. नांव परप्रांतींचें असलें, तरी जुन्या हस्तकलांस व कारागिरांस येथें मानाचें स्थान मिळालें. परिसराच्या स्वतःच्या जीवनाकडे उद्यान वळूं लागलें तें येथून.

चौथें नांव १९८६ सालीं आलें. गायिका डॉली पार्टन या हर्शेंड बंधूंच्या भागीदार झाल्या आणि उद्यान 'डॉलीवुड' झालें. त्यांचा जन्म १९४६ सालीं याच परगण्यांत, बारा भावंडांच्या दरिद्री कुटुंबांत झाला. प्रसूतीस आलेल्या डॉक्टरांस पैशाऐवजीं मक्याच्या पिठाची थैली देण्यांत आली होती. त्या डॉक्टरांच्या नांवाचें प्रार्थनामंदिर आज उद्यानांत आहे, आणि पार्टन यांच्या बालपणींच्या झोंपडीची प्रतिकृतिहि आहे.

दारिद्र्याचें प्रदर्शन मांडून त्यावर तिकीट लावणें कितपत उचित, असा प्रश्न येथें उभा राहतो, आणि तो टाळतां येत नाहीं. १९९९ पासून पोलादी व लांकडी रुळांवरील भयंकर वेगाचे पाळणे वाढत गेले, उतारूंसाठीं मोठीं निवासगृहें झालीं, आणि झोंपडीभोंवतीं वैभव उभें राहिलें. परंतु या मिळकतीचा कांहीं अंश मुलखाकडे परतहि गेला. पार्टन यांच्या वडिलांस लिहितांवाचतां येत नसे. ती खंत मनांत ठेवून त्यांनीं १९९५ सालीं परगण्यांतील पांच वर्षांखालील मुलांस दरमहा एक पुस्तक विनामूल्य धाडण्याची योजना सुरू केली. २०१६ च्या वणव्यांत ज्यांचीं घरें जळालीं, त्या कुटुंबांस त्यांच्या निधींतून सहा महिने दरमहा एक हजार डॉलर मिळाले. त्यांच्या मालकीच्या दुसऱ्या एका खेळाच्या नांवांतील 'डिक्सी' हा दक्षिणेचा अभिमान सुचविणारा शब्दहि २०१८ सालीं गळाला. १९६१ सालीं सहज वाटलेली गोष्ट आतां बोंचूं लागली होती.

एक वस्तु मात्र चारहि नांवांत टिकली. बाल्डविन कारखान्यांत १९४३ सालीं तयार झालेलें १९२ क्रमांकाचें इंजिन युद्धकाळांत अलास्काच्या बाजूस राबलें आणि पुढें या दरींत आलें. त्याच जातीचीं इंजिनें हिंदुस्थानांतील मीटरगेज मार्गांवरहि धांवलीं. इंजिनाला इतिहास निवडावा लागला नाहीं. माणसांना तो निवडावा लागला. प्रथम त्यांनीं शेजाऱ्याची कथा उचलली, मग दूरच्या पश्चिमेची, आणि शेवटीं, पिठाच्या थैलीपाशीं, त्यांना स्वतःची सांपडली.