गिमवीचे पाणी

जामखेडकडच्या जुन्या माणसांना नारू काय ते सांगायला नको. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात जाई. पाणी गाळून प्यायले की सुटलो. पण नुसते पाण्यात उतरल्याने अंगात शिरणारा किडाही आपल्याच राज्यात सापडला होता.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी काही जणांच्या लघवीतून रक्त जाई. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले : शिस्टोसोमा नावाचा कृमी. रोग मूळ मिसर देशात ठाऊक असलेला. बिल्हार्झ याने १८५१ साली कैरोत तो किडा शोधला, आणि १९१० साली तर हजारो वर्षांच्या ममींच्या मूत्रपिंडांत त्याची अंडी मिळाली!

लघवीतली अंडी पाण्यात फुटतात, पिले गोगलगायीत वाढतात आणि बाहेर पडून पोहणाऱ्याच्या कातडीतून आत घुसतात. फुप्फुस, यकृत असा प्रवास करून नरमादीचे जोडपे मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ठाण मांडते. आता गंमत पाहा. किडा स्वतः फारसे बिघडवीत नाही, बिघडवतात ती अंडी. प्रत्येकाच्या टोकाला काटा. काही बाहेर पडतात, उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत रुततात. शरीरच त्यांच्याभोवती गाठी बांधते. पुढे ती भिंत चुना धरून कडक होते. मूत्रवाहिनी आवळली की लघवी तुंबून मूत्रपिंड फुगते. वर्षानुवर्षे चालले तर मूत्राशयाचा कर्करोगही होतो.

जळजळ झाली की आपण 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा भिजत घालतो. घालावा, पण लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

गिमवीचा किडा कुठे वाढतो, तेही १९५५ साली कळले : फेरिसिया नावाच्या, नखाहून लहान गोगलगायीत.