वंगण, गाळणी आणि पाऊण फेरा

मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या सुमारास रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या बाजूच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात व झावळ्यांनीं शाकारल्या जातात. पूर्वीं हा खंड नारळी पौर्णिमेपर्यंत चाले. अलीकडे सरकारी नियमानें १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो. या दोन महिन्यांत जाळीं सांधलीं जातात, लांकडास तेल पाजलें जातें, आणि इंजिनाचीं जीं कामें भर हंगामांत पुढें ढकललेलीं असतात तीं उरकण्यांत येतात. त्यांतील एक काम दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. जुनें काळें वंगण काढावयाचें, गाळणीचा डबा बदलावयाचा आणि नवें तेल भरावयाचें. नाखवा हें काम पुष्कळदां घरच्याच माणसांकडून करून घेतो. अडचण एवढीच कीं, इंजिन फळ्यांच्या खालीं अडचणींत बसविलेलें असतें. गाळणी त्याच्या आडबाजूस असली, म्हणजे तेथें कोंपरापर्यंत हात जातो, पण डोळा जात नाहीं. डबा सैल राहिला तर भर समुद्रांत दाबाखालचें तेल कांहीं मिनिटांत बाहेर येतें, इंजिन तापून जाम होतें, आणि होडी वाऱ्याच्या व भरतीओहोटीच्या स्वाधीन होते. न दिसणाऱ्या एका डब्याला एवढें महत्त्व कसें आलें, हें समजण्यास वंगणाचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहावा लागतो.

हा भाग कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई (रायगड हें नांव १९८१ सालीं १ जानेवारीस आलें), त्या काळांत वंगण म्हटलें कीं बैलगाडीच आठवे. गाडीच्या खालीं वंगणाची नळी टांगलेली असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान आंसाला तें माखी. तें झिरपे, धुळींत मिसळे आणि रस्त्यावर गळून जाई. तें परत गोळा करावें, गाळून पुन्हां वापरावें, असा विचारही कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. एरंडेल घरचें होतें, उंडीचें तेल दिव्याला व होडीला पुरत होतें. गेलें तें गेलें.

आगबोटी आल्या तरी रीत तीच राहिली. मुंबई बंदरांतून जाणाऱ्या आगबोटींच्या यंत्रखान्यांत आगवाला, कोळसेवाला यांच्याप्रमाणें ‘तेलवाला’ असा एक स्वतंत्र हुद्दाच असे. हातांत झारी घेऊन फिरत्या दांड्यांच्या सांध्यांवर तेल सोडावयाचें, आणि दांडी वर-खालीं होत असतांना तिच्या तालावर हात आंत घालून सांधा किती तापला आहे हें तळहातानें पाहावयाचें, हें त्याचें काम. ताल चुकला तर बोटें जात. आजच्या घड्याळवजा दर्शकांच्या मानानें ही पद्धत रानटी वाटेल. पण तो तळहात फारसा फसत नसे.

पहिल्या महायुद्धांतील (१९१४-१८) विमानांची गोष्ट तर याहून गमतीची आहे. त्यांतील कित्येकांचें इंजिन स्वतःच गरगर फिरे, आणि त्यास एरंडेल लागे. तें एकदां इंजिनांतून गेलें कीं धुराबरोबर बाहेर फेंकलें जाई, थोडेंफार वैमानिकाच्या तोंडावरही येई. एरंडीचें बी हिंदुस्थानांतून परदेशीं मोठ्या प्रमाणावर जात असे, हें येथें आठवावें. ‘कॅस्ट्रॉल’ हें नांवही इंग्लंडांत वेकफील्डच्या कंपनीनें १९०९ सालीं एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पाडलें.

पुढें खनिज तेल स्वस्त झालें आणि मोटारीच्या पोटांत तेंच तेल पुनःपुन्हां फिरवूं लागले. येथें खरा पालट झाला. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडींत (१९०८-२७) तेलाचा पंपही नव्हता आणि गाळणीही नव्हती. फिरते भाग तेल उडवीत, तेवढ्यावर भागे. पण जें तेल गळून जात नाहीं, त्यांत सांठलेला कचराही जात नाहीं. धूळ, काजळी, धातूचा कीस हें सर्व तेलाबरोबर फिरतें, आणि वंगणच कानशीचें काम करूं लागतें. अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड या गाळणयंत्रांच्या जाणकारानें १९२३ च्या सुमारास मोटारीच्या तेलासाठीं गाळणी काढली व ‘शुद्ध तेल मागाहून’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचें ‘प्युरोलेटर’ असें नांव केलें. १९२४ सालीं क्रायस्लरच्या मोटारींत ती बसविण्यांत आली. आरंभींच्या या गाळण्यांतून तेलाचा थोडाच अंश जाई. सगळें तेल गाळूनच पुढें सोडण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली.

याच सुमारास इकडेही तेलाच्या इंजिनांचा काळ आला. पुण्याजवळ खडकीस किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना १९४६ सालीं निघाला. आणि १९५१ सालीं सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून शिडाच्या होड्यांत इंजिनें बसविण्यास सरकारी साह्य मिळूं लागलें. डीझेलच्या ज्वलनांत काजळी फार; ती वंगणांत उतरते, म्हणून गाळणी येथें चैनीची वस्तू नव्हे.

जुन्या गाळणीचें भांडें मधल्या लांब बोल्टानें आवळीत. काम घाणेरडें खरें, पण पाना लावावयास जागा होती. १९५० नंतरच्या दशकांत पातळ पत्र्याचा, सबंधच फिरवून बसवावयाचा व सबंधच टाकून द्यावयाचा डबा आला. तो सोयीचा म्हणून जगभर पसरला. मात्र इंजिनें दाटीवाटीनें बसूं लागलीं तसा तो अशा जागीं जाऊन बसला कीं पाना फिरावयास वाव नाहीं, आणि तेलकट हाताला पकड नाहीं. यंत्र सुधारलें, आणि सगळा भार पुन्हां तेलवाल्याच्या तळहातावर आला.

ज्यांच्या घरीं मोटार आहे त्यांनाही ही अडचण परकी नाहीं. जुना डबा काढतांना त्याचें रबरी कडें इंजिनास चिकटून राहिलें कीं काय, हें प्रथम बोटानें चांचपून पाहावें लागतें. दोन कडीं एकावर एक बसलीं तर डबा कितीही आवळा, तेल फुटून येणारच. नव्या कड्यास बोटानें तेल लावितात, नाहींतर तें मुरगळतें. नंतर डबा हलक्या हातानें फिरवीत न्यावयाचा. कडें टेंकलें कीं तेथून साधारण पाऊण फेरा, त्या डब्यावर निराळें लिहिलें नसेल तर. डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून जाणते लोक डब्याच्या बुडावर आधींच चार खुणा करितात आणि बोटाखालून तीन खुणा गेल्या कीं थांबतात. पकड येण्यासाठीं डब्याभोंवतीं कोरडें खरबरीत फडकें किंवा पॉलिशपेपर गुंडाळितात. भीतीनें पान्यानें आवळणारे पुढल्या खेपेस पस्तावतात. खाऱ्या हवेंत पत्रा गंजतो, डबा हलत नाहीं, आणि शेवटीं पेंचकस आरपार ठोकून तो पिळावा लागतो, तेव्हां पत्रा फाटून बूड तसेंच राहण्याची वेळ येते.

नवें तेल भरलें कीं होडीचें इंजिन थोडा वेळ चालवून पाहतात. मग तें बंद करून तेलाची काडी पाहिली जाते, आणि ज्यानें डबा आवळला तोच पुन्हां फळींतून हात घालून डब्याच्या कडेवरून बोट फिरवितो. बोट कोरडें बाहेर आलें कीं फळी बसविली जाते.