सैल स्कोपची गोष्ट

इंदूरला माझ्या काकांकडे परवान्याची एक जुनी पॉइंट टू-टू रायफल आहे. गेली काही वर्षं ते म्हणत होते, "नजर गेली रे आता, गोळी कुठेही लागते." त्यांनी रेंजवर जाणंच सोडलं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर मी चेंबर रिकामं असल्याची खात्री केली आणि स्कोप धरून हलवून पाहिला. तो हलला! नजर नव्हे, माउंट सैल होतं.

असं का होतं, याचं उत्तर इतिहासात आहे.

.२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ साली आणलं. ते रिमफायर, म्हणजे पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला. त्यासाठीच्या साध्या रायफली नळीवरची माशी पाहून नेम धरण्यासाठीच घडवल्या जात. स्कोप लांबलचक आणि महाग असे. १९३० साली विल्यम वीव्हरने आपली कंपनी काढली, पुढे ती टेक्सासमधल्या एल पासोला नेली, आणि स्कोप सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. पण जुन्या रायफलीवर त्याला बसायला जागाच नव्हती. लोक बाजूला भोकं पाडून माउंट बसवत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातच रायफलीच्या माथ्यावर दोन खाचा पाडायची पद्धत रुळली. गोंधळ मापांत झाला. अमेरिकेत ३/८ इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर. युरोपात ११ मिलिमीटर. दोन्हींना चालेल अशी रिंग बाजारात मिळते, पण कधीकधी तिची पट्टी खाचेत पूर्ण न बसता फक्त कडेला चावते. पॉइंट टू-टूचा धक्का किरकोळ; तरी हजारो गोळ्यांनंतर ती कड झिजते, स्क्रू ढिले होतात.

फरक किती पडतो? दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर धरा. एक रिंग एक दशांश मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर बाजूला जाते.

काकांच्या रायफलीवर नेमकं हेच झालं होतं. खाचेत जुनं तेल साचलेलं, आणि कुणीतरी स्क्रू इतका पिळलेला की त्याचं डोकं गेलेलं. आम्ही खाच मोजली आणि त्याच मापाच्या रिंगा आणल्या. खाच आणि पट्टी स्पिरिटने पुसली. स्क्रू एकदम न आवळता आळीपाळीने थोडेथोडे आवळले. स्क्रूच्या आट्यांना लॉकटाइटचा एक थेंब लावला, तोही पुढे उघडता येईल असा कमी ताकदीचा. हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेतले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी शोधलं. हवा तुटली की ते धातूंच्या फटीत घट्ट होतं.

एक सांगतो, नवी भोकं मात्र घरी पाडू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्या.

नंतर आम्ही रेंजवर गेलो. काकांच्या दहा गोळ्यांचा झुबका तरुणपणीइतका आवळ नव्हता, पण दहाही एकाच जागी होत्या. घरी येताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जात होतो."

पुढच्या रविवारी परत जायचंय. भेटू पुढच्या भागात.