दोन्ही हातांची अट: यंत्रसुरक्षेच्या एका नियमाचा इतिहास

१

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. या महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या गावांच्या शिवारांत जी औद्योगिक वसाहत उभारली, तीत मोठ्या रासायनिक कारखान्यांबरोबर पत्रा कापणारे, वाकवणारे आणि साच्यात ठोकणारे लहान कारखानेही आले. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई आकारास येऊ लागली, आणि ही वसाहत त्या शहराचा भाग झाली. पत्राकामाचे मुख्य यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. तिच्या खालच्या भागात डाय बसवलेली असते, वरून पंच उतरतो, आणि प्रत्येक नगासाठी कामगाराचा हात पत्रा ठेवण्यास व काढण्यास त्याच जागी जातो. यंत्राचा आघात आणि माणसाचा हात यांची जागा एकच असून वेळ तेवढी निराळी, असा हा व्यवहार आहे. वेळेचे हे अंतर राखण्यासाठी जी योजना झाली तिला ‘दुहस्त नियंत्रण’ म्हणता येईल. दोन बटणे दोन हातांनी दाबली तरच पंच खाली येतो, म्हणजेच तो खाली येत असता दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असतात.

ही अट उच्चारावयास सोपी आहे; परंतु तिची शब्दरचना निश्चित होण्यास दीर्घ काळ लागला. तो इतिहास पाहिला असता असे दिसते की, नियमात वाढलेला प्रत्येक शब्द हा आधीच्या शब्दांतून निसटणाऱ्या एखाद्या हातासाठी घातलेला आहे.

२

आपल्याकडे यंत्रसुरक्षेचा कायदा प्रथम आला तो कुंपणाच्या कल्पनेने. मुंबईतील गिरण्यांच्या चौकशीसाठी १८७५ साली आयोग नेमला गेला आणि १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता, आणि धोकादायक यंत्रभागांना कुंपण घालावे, असे त्यात सांगितले होते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या व ५,५०० सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार या मागण्यांसोबत आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी. कायदा कुंपणाविषयी बोलत होता. कामगार कुंपण अपुरे पडल्यानंतरच्या आयुष्याविषयी बोलत होते.

या मागणीला कायद्याचे रूप आले ते १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. त्याच्या अनुसूचीत अवयवहानीचे प्रमाण टक्क्यांनी बांधलेले होते. अंगठा गेल्यास किती, तर्जनी गेल्यास किती अर्जनक्षमता गेली असे धरायचे, हे त्यात ठरवून दिलेले होते. शब्दांची एवढी काटेकोर मोजणी तोवर केवळ गेलेल्या बोटांच्या वाट्याला आली होती. असलेल्या बोटांच्या रक्षणाविषयी १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम २१ देखील मुख्यतः कुंपणाचीच भाषा बोलत होते: यंत्रभाग सुरक्षितपणे कुंपित असावेत, आणि यंत्र चालू असता कुंपण जागेवर असावे.

कुंपण ही स्थलवाचक कल्पना आहे. फिरते चाक वा पट्टा यांना ती नेमकी लागू पडते, कारण तेथे हाताचे काही काम नसते. पॉवर प्रेसमध्ये मात्र अनेकदा हाताला आत जावेच लागते. तेथे ‘कोठे’ या प्रश्नाला ‘केव्हा’ या प्रश्नाची जोड द्यावी लागली.

३

‘दोन्ही हातांनी बटणे दाबावीत’ हे या नियमाचे प्राथमिक वाक्य. त्यात तीन उणिवा आहेत, आणि युरोपात १९९६ साली निघालेल्या ईएन ५७४ या मानकाने केलेले प्रकार त्या उणिवांच्याच क्रमाने लावता येतात.

पहिली उणीव अशी की, दाबलेले बटण मध्येच सोडल्यास काय, हे वाक्य सांगत नाही. म्हणून पहिल्या प्रकारात असे ठरले की, कोणताही एक हात सुटताच आज्ञा संपली पाहिजे. दुसरी उणीव पुनरारंभाची. एक बटण दाबलेलेच ठेवून दुसऱ्याने पुन्हा स्ट्रोक घेता येत असेल, तर एक हात मोकळा राहतो. म्हणून दुसऱ्या प्रकारात दोन्ही बटणे सोडल्याखेरीज नवी आज्ञा स्वीकारली जात नाही. तिसरी उणीव ‘एकाच वेळी’ या शब्दांची. बोलभाषेत या शब्दांना हवी तेवढी लवचिकता आहे. यंत्राला ती चालत नाही. तिसऱ्या प्रकारात दोन्ही बटणांमधील अंतर अर्ध्या सेकंदाहून अधिक असता कामा नये, असे बंधन आले. एक बटण दोरीने वा पाचर मारून कायमचे दाबून ठेवण्याची युक्ती दुसऱ्या अटीने रोखली जाते, आणि तिसरी तिला अधिक घट्ट करते. बटणे एका पंजाच्या आवाक्यात येऊ नयेत यासाठी त्यांच्यात किमान २६० मिलिमीटर अंतर असावे, असेही सांगितले गेले.

आयएसओ १३८५१ या आंतरराष्ट्रीय मानकाने २००२ साली हीच चौकट स्वीकारली आणि २०१९ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली.

४

हे नियम प्रथम रिले आणि तारांच्या जोडणीत उतरले. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्रॅमेबल कंट्रोलर सिद्ध केला. परंतु माणसाच्या हाताचे रक्षण प्रोग्रॅमवर सोपवण्यास उद्योगजगत बराच काळ राजी नव्हते. १९९८ ते २००० या काळात प्रसिद्ध झालेल्या आयईसी ६१५०८ या मानकाने अशा प्रणालींची विश्वसनीयता कशी जोखावी याची पद्धत घालून दिली. २००६ साली पीएलसीओपन या संस्थेने सुरक्षा-कार्यांचे तयार प्रोग्रॅम-खंड विहित केले. त्यांत दुहस्त नियंत्रणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांसाठी स्वतंत्र खंड आहेत.

तिसऱ्या प्रकारच्या खंडाचे वर्तन असे. कार्य सुरू होतानाच एखादे बटण दाबलेले आढळले, तर तो दोष मानला जातो. दोन्ही बटणे मोकळी असता पहिले दाबले की ५०० मिलिसेकंदांची मोजणी सुरू होते. तेवढ्यात दुसरे दाबले गेले तर आज्ञा मिळते. न गेल्यास दोन्ही सुटेपर्यंत यंत्र हलत नाही. उच्च दर्जाच्या मांडणीत प्रत्येक बटणाला एक सदा उघडा व एक सदा बंद असे दोन संपर्क असतात. त्यांची साक्ष परस्परांशी जुळली नाही, तर बटणच बिघडले आहे असे धरले जाते. नियमाच्या वाक्यात जे गृहीत राहते ते सर्व येथे उघड लिहावे लागते; प्रोग्रॅमला गर्भितार्थ कळत नाही.

५

तथापि नेमक्या शब्दांनाही मर्यादा आहेत. बटण सोडल्यावर यंत्र थांबण्यास वेळ लागतो, आणि तेवढ्यात हात आत पोहोचू नये एवढ्या अंतरावर बटणे बसवावी लागतात. आयएसओ १३८५५ च्या २०१० च्या आवृत्तीत हाताचा वेग सेकंदाला १,६०० मिलिमीटर धरून त्यात २५० मिलिमीटरची भर घातली होती. यंत्र ०.२ सेकंदात थांबत असेल, तर या हिशेबाने अंतर ५७० मिलिमीटर येते. परंतु लहान कारखान्यांतील जुन्या पिन-क्लचच्या प्रेसला एकदा स्ट्रोक लागला की पूर्ण फेरा झाल्याखेरीज ती थांबतच नाही. अशा प्रेसवर प्रोग्रॅमने दिलेली ‘थांब’ ही आज्ञा ऐकणारे कोणी नसते. शिवाय दोन बटणे ती दाबणाऱ्याचेच हात राखतात. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाचे हात मोकळेच राहतात.

आणखी एक मर्यादा यंत्राबाहेरची आहे. बटणाला पाचर का मारली जाते, याचे उत्तर प्रोग्रॅममध्ये नाही. ते नगांच्या उद्दिष्टात आणि ठेक्याच्या दरात आहे. सेफ इन इंडिया फाउंडेशनने २०१९ पासून वाहन-भागांच्या कारखान्यांतील अपघातांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालांत बोटे गमावलेल्या कामगारांच्या संदर्भात पॉवर प्रेसचे नाव पुनःपुन्हा येते. ज्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि जिचे मुख्यालय बेलापूर येथे आहे, तिच्या स्थापनादिनी देशभर सुरक्षादिन पाळला जातो. बेलापूरपासून काही मैलांच्या आत असलेल्या पत्राकामाच्या कारखान्यांत त्या दिवसाचा अर्थ प्रेसला क्लच कोणता आहे यावर पुष्कळसा अवलंबून आहे.

१८८४ च्या निवेदनाने हात गेल्यानंतरची तजवीज मागितली होती. दुहस्त नियंत्रणाने हात जाण्यापूर्वीचा अर्धा सेकंद मोजून दिला. त्या दोहोंच्या मध्ये कामाच्या गतीचा प्रश्न उभा आहे, आणि त्याची शब्दरचना अजून तितकी नेमकी झालेली नाही.