चांदीवरचें अक्षर

सोन्याचांदीचा एक मोठा दोष असा कीं, त्यांचा खरेपणा डोळ्यांना दिसत नाहीं. धान्यांतले खडे निवडतां येतात, कापडाचा पोत बोटांना कळतो. परंतु शंभर भार चांदींत साडेसात भार तांबें आहे कीं पंधरा भार आहे, हें विकत घेणाऱ्या गृहस्थाला सांगतां येत नाहीं. घडविणाऱ्या कारागिराला मात्र तें पुरतें ठाऊक असतें. आपल्याकडे नाण्यांची पारख पोतदार करी आणि गांवोगांव तें काम बहुधा सोनाराकडेच असे. दागिन्याच्या बाबतींत तर घरच्या सोनाराचा शब्द हाच काय तो पुरावा! तो शब्द त्या माणसाबरोबर जाई. दागिना मागें उरे. वस्तूवरच न पुसणारी खूण करावी आणि त्या खुणेमागें कोणाला तरी जबाबदारीनें बांधून ठेवावें, हा प्रयोग ज्या देशांत सातशें वर्षांहून अधिक काळ चालला आहे, तो देश म्हणजे इंग्लंड. हॉलमार्क हा शब्द आज आपल्या घराघरांत पोंचला आहे, त्याचें मूळही तेथेंच आहे.

लंडनच्या सोनारांवर देखरेख करण्यासाठीं त्यांच्यांतीलच सहा प्रतिष्ठित माणसें निवडावीं, अशी आज्ञा तिसऱ्या हेन्री राजानें १२३८ सालीं दिली होती. तिच्या मागोमाग १३०० सालीं पहिल्या एडवर्डाचा प्रसिद्ध कायदा आला. चांदीचें भांडें नाण्यांतील चांदीच्या तोडीचें, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध असावें. सोनारांच्या पंचांनीं दुकानोदुकानीं जाऊन तें पारखावें, त्यावर चित्त्याचें तोंड उमटवावें, आणि तोंवर तें कारागिराच्या हातांतून बाहेर पडूं नये, असें त्या कायद्यानें ठरविलें. हा चित्ता वस्तुतः सिंह आहे. समोर तोंड करून पाहणाऱ्या सिंहाला राजचिन्हांच्या फ्रेंच परिभाषेंत चित्ता म्हणत, आणि तेंच नांव पुढें रूढ झालें.

तथापि माल कसास उतरतो एवढें सांगून भागेना. तो घडविला कोणीं, हेंही कळावयास पाहिजे होतें. म्हणून १३६३ सालीं प्रत्येक उस्ताद सोनारानें स्वतःची निराळी खूण ठेवावी, असा नियम झाला. प्रारंभीं या खुणा बहुधा चित्रांच्या असत, कारण वाचतां येणारीं माणसें थोडीं होतीं. नांवाचीं आद्याक्षरें पुढें आलीं. आतां भांड्यावर दोन साक्षी झाल्या, एक घडविणाऱ्याची आणि दुसरी पारखणाऱ्यांची. पण या दुसऱ्या साक्षींत एक खोंच राहिली होती. पंच दरसाल बदलत, चित्त्याचें तोंड मात्र तेंच राही. हिणकस भांडें दहा वर्षांनीं उघडकीस आलें, तर तें कोणाच्या कारकीर्दींत पास झालें हें सिद्ध कसें करावें? जुने पंच नव्यांकडे बोट दाखवीत आणि नवे जुन्यांकडे. कचेरींत वागलेल्या माणसाला हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको.

या दुखण्यावरचा इलाज दोन टप्प्यांनीं झाला. १४७७ च्या कायद्यानें असें ठरलें कीं, पारखणाऱ्यानें कमी कसाच्या मालावर शिक्का मारला, तर त्याची भरपाई सोनारांच्या सबंध संघास करावी लागेल. पदरचे पैसे जाणार म्हटल्यावर संघ जागा झाला. १४७८ पासून त्यानें पगारी पारखी नेमला, दुकानोदुकानीं फिरण्याची पद्धति सोडली, आणि सर्व कारागिरांनीं आपला माल संघाच्या वाड्यांत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें, आणून द्यावा असें ठरविलें. हॉलमध्यें मारलेली खूण म्हणून ती हॉलमार्क. याच वेळीं तिसरी खूण निघाली. ती म्हणजे एक अक्षर. मे महिन्यांत सोनारांचा संत डन्स्टन याच्या सणाच्या सुमारास नवे पंच निवडले जात, तेव्हां हें अक्षर बदले. वीस अक्षरांची एक फेरी संपली कीं अक्षराचें वळण बदलून पुन्हां पहिल्यापासून आरंभ होई. जुनीं भांडीं जमविणारे हौशी लोक आज हें अक्षर पाहून भांड्याचें साल सांगतात, आणि तें त्याच कामासाठीं योजिलें होतें असें पुष्कळांना वाटतें. पण मूळ हेतु पारख्याला पकडण्याचा होता. सालाचें अक्षर म्हणजे त्या सालीं खुर्चीवर बसलेल्या माणसाची सही होय.

कारागिराला ही व्यवस्था सोयीची खासच नव्हती. भांडें पुरें होण्याआधीं, शेवटची झिलई देण्यापूर्वींच तें हॉलमध्यें पाठवावें लागे. कारण ठोकलेल्या खुणेनें भोंवतालचा पत्रा दबे आणि तो मागाहून सरळ करावा लागे. पारखी प्रत्येक भागाचा थोडा कीस खरवडून घेई. तो तोलून शिशाच्या पत्र्यांत गुंडाळीत आणि हाडांच्या राखेच्या लहान वाटींत घालून भट्टींत ठेवीत. शिसें व तांबें राखेंत जिरून जाई आणि शुद्ध चांदीचा मणी तेवढा शिल्लक राही. मणी पुन्हां तोलला कीं हिशेब उघड होई. माल कमी उतरल्यास तो चेपून, मोडूनच परत देत. कारागिराची मजुरी गेली, गिऱ्हाइकाला दिलेला वायदा चुकला, आणि हातीं काय आलें, तर मोड! उतरलेल्या मालाचा थोडा कीस कुलुपाच्या पेटींत राखून ठेवीत आणि ठराविक काळानें त्याचीच पुन्हां परीक्षा होई, म्हणजे पारख्याचीही पारख होई.

राजे मात्र या शिस्तीच्या बाहेर होते. आठव्या हेन्रीनें पैशाच्या ओढीनें नाण्यांत तांबें मिसळण्यास प्रारंभ केला, आणि थोड्याच वर्षांत नाण्यांतील चांदी एक तृतीयांशावर आली. याच धामधुमींत, १५४४ पासून, भांड्यांवर चालत्या सिंहाची आणखी एक खूण दिसूं लागते. नाण्याची पत गेली तरी भांड्याचा कस पूर्वीचाच आहे, हें सांगण्यासाठीं ती आली असावी असें इतिहासकारांना वाटतें. राजाचें नाणें खोटें आणि सोनाराचा पेला खरा, असा तो विलक्षण काळ होता. पुढें याच्या उलट अडचण आली. लोक चांदीचीं नाणीं कातरून व वितळवून भांडीं करूं लागले, तेव्हां १६९७ सालीं भांड्यांचा कस नाण्यांहून वरचा, हजारीं सुमारें ९५८, असा सक्तीचा करण्यांत आला. १७२० सालीं जुना कस परत आला, पण त्याबरोबर औंसामागें सहा पेन्स जकात बसली.

ही जकात शिक्का मारतांनाच घेत, आणि तीच लबाडीला निमित्त झाली. एखादी लहानशी तबकडी रीतसर पास करून घ्यावयाची, तिच्यावरील खुणांचा तुकडा कापावयाचा, आणि तो मोठ्या जड कळशीच्या बुडाला डाक देऊन बसवावयाचा! जकात तबकडीची, विक्री कळशीची. अशा वस्तु अजूनही मधून मधून सांपडतात. खोटे ठसे बनविणारेही निघालेच; त्यांच्यासाठीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं काळ देहान्ताची शिक्षा होती. एका इंचाहून लहान खुणेपायीं फांस! त्या काळच्या सरकारला चांदीच्या शुद्धतेपेक्षां जकातीची काळजी अधिक होती, असा संशय येतो.

बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याची तक्रार निराळी होती. त्याच्या गांवीं पारख-कचेरी नसल्यामुळें माल सत्तरांहून अधिक मैलांवरील चेस्टरला पाठवावा लागे. जाण्यायेण्यांत दिवस जात, आणि परत येतांना निष्काळजीपणें बांधलेल्या मालाला पोंचे पडत. त्यानें व शेफील्डच्या सोनारांनीं पार्लमेंटाकडे अर्ज केला. लंडनच्या सोनारांनीं त्यास जोराचा विरोध केला. पण चौकशी सुरू झाली तेव्हां खुद्द लंडनचा शिक्का असलेला कांहीं माल कमी कसाचा निघाला, आणि विरोधाचें बळ ओसरलें. १७७३ सालीं दोन्ही गांवांना कचेऱ्या मिळाल्या. बर्मिंगहॅमची खूण नांगर आणि शेफील्डची मुकुट. अर्जदार लंडनमध्यें ज्या खाणावळींत बसत, तिचें नांव 'क्राउन अँड अँकर' होतें. त्यावरूनच या खुणा उचलल्या, असें सांगतात. समुद्रापासून दूर असलेल्या बर्मिंगहॅमला नांगर कां, याचा दुसरा खुलासा सुचणेंही कठीण आहे.

हिंदुस्थानांत या पद्धतीची सुरुवात फार उशिरां झाली. भारतीय मानक ब्यूरोनें सोन्याचा हॉलमार्क २००० सालीं आणि चांदीचा २००५ सालीं सुरू केला, पण तो ऐच्छिक होता. प्रारंभीं त्यांतही सालाचें अक्षर होतें, २००० साठीं 'ए', २००१ साठीं 'बी', याप्रमाणें. २०१७ पासून तें वगळण्यांत आलें. १६ जून २०२१ पासून मुंबई-पुण्यासह २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि लगेच प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक आला. त्याला एचयूआयडी म्हणतात. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आंकडा असतो आणि त्याशेजारीं हा क्रमांक. दर दागिन्याची नोंद, केंद्रावरचा खोळंबा, वाढलेलें कारकुनी काम, यांनीं सराफ त्रासले, आणि २३ ऑगस्ट २०२१ रोजीं ठिकठिकाणीं त्यांनीं एक दिवस दुकानें बंद ठेविलीं. अर्धवट घडलेलीं भांडीं घेऊन हॉलच्या दारीं ताटकळणाऱ्या लंडनच्या कारागिराला त्यांचें गाऱ्हाणें तत्काळ समजलें असतें. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकावांचून हॉलमार्कचा नवा दागिना विकतां येत नाहीं. ब्यूरोच्या मोबाइलवरील ॲपमध्यें तो क्रमांक घातला, म्हणजे दागिना कोणत्या सराफानें पारखावयास दिला आणि कोणत्या केंद्रानें पारखला हें दिसतें. १४७८ सालचें अक्षर जें सांगत होतें, तें अशा रीतीनें पुन्हां आलें आहे.

घरोघर पेटींत जपून ठेवलेल्या जुन्या पाटल्या, गोठ, ठुशा यांवर यांपैकीं कोणतीच खूण नसते. केंद्रावर नेल्यास त्यांचा कस कळतो आणि तसा कागदही मिळतो. त्या कोणीं घडविल्या, हें मात्र त्या कागदावर नसतें.