१७. तावेरेत
प्राचीन इजिप्तमधील गरोदर स्त्रिया व बाळंतिणींची रक्षक देवता. देह मागच्या पायांवर उभ्या पाणघोडीचा, पंजे सिंहाचे, पाठ आणि शेपूट मगरीची. लेखक तिला ‘राक्षसीण’ म्हणतात, ते बरोबर नाही. ते नाव शोभेल अम्मितला. तिचे तोंड मगरीचे व मागचा भाग पाणघोड्याचा असून न्यायाच्या तराजूत खोट्या ठरलेल्या मृताचे हृदय ती गिळते. दोन्ही प्राणी नाईलचेच. पाणघोडा रात्री काठावर गवत चरतो, पण पूर्ण वाढलेला नर दीड टनाच्याही पुढे जातो. मगर पाच मीटरपर्यंत वाढली तरी वजनात त्याच्या निम्मीही क्वचितच भरते. त्यामुळे शिकारी असूनही ती मोठ्या पाणघोड्याच्या वाटेला सहसा जात नाही. एकटे सापडलेले पिल्लू मात्र पळवते, आणि पाणघोडी पिल्लासाठी मगरीवर चाल करून जाते. आईपणाच्या देवतेला हे रूप का मिळाले असावे, ते यावरून कळते. इजिप्तमधले पाणघोडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीसच संपले; मगरी आज मुख्यतः अस्वानच्या मोठ्या धरणामागील नासर जलाशयात आढळतात. — संपादक