सदिश गुणाकाराचा वाद आणि त्याचा संगणकीय वारसा

ज्या राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात तिला सदिश म्हणतात, आणि त्रिमितीय चित्रणासाठी वापरली जाणारी प्रोग्रॅमिंग लायब्ररी, म्हणजे वारंवार लागणाऱ्या गणनांचा आधीच लिहून ठेवलेला संच, अशा राशीसाठी तीन संख्यांचा एक प्रकार आणि त्यावरील काही ठरावीक क्रिया पुरवते. या क्रिया आज स्वयंसिद्ध वाटत असल्या, तरी त्यांची निवड एकोणिसाव्या शतकातील एका कडव्या वादातून झाली आहे.

सपाटीवरील वळण संमिश्र संख्यांच्या गुणाकाराने दाखवता येते; तशीच सोय अवकाशासाठी करण्याच्या प्रयत्नात असलेले गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टन यांना तीन संख्यांची बेरीज जमत होती, पण गुणाकार बसत नव्हता. 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनजवळच्या रॉयल कालव्याच्या काठाने जाताना त्यांना तीनऐवजी चार संख्या घेण्याची युक्ती सुचली. या चौकडीला क्वाटर्नियन असे नाव मिळाले. तिच्यातील एक भाग अदिश, म्हणजे दिशाहीन, तर उरलेले तीन मिळून सदिश भाग होतो, आणि गुणाकारात क्रम बदलला की उत्तरही बदलते.

(1, 2, 3) आणि (4, 5, 6) हे सदिश क्वाटर्नियन मानून गुणले, तर अदिश भाग उणे 32 आणि सदिश भाग (−3, 6, −3) येतो. भौतिकशास्त्रात हे दोन भाग बहुधा वेगवेगळेच लागतात, कारण बलाने केलेले कार्य पहिल्या प्रकारच्या गुणाकारातून, तर बलाचे आघूर्ण दुसऱ्या प्रकारच्या गुणाकारातून मिळते. हे ओळखून अमेरिकेत जे. विलार्ड गिब्ज यांनी आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे भाग अदिश गुणाकार आणि सदिश गुणाकार म्हणून सुटे केले व पहिल्यातील उणे चिन्ह काढून टाकले. गिब्ज यांची पुस्तिका 1881 व 1884 मध्ये दोन भागांत खासगीरीत्या छापली गेली. हॅमिल्टन यांचे अनुयायी पीटर टेट यांनी या विभागणीला कडाडून विरोध केला आणि 1890 च्या दशकात ‘नेचर’ नियतकालिकात दोन्ही पक्षांची जुंपली. परंतु गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेले एडविन विल्सन यांचे पाठ्यपुस्तक 1901 मध्ये निघाल्यानंतर अदिश आणि सदिश गुणाकारांची जोडीच रूढ झाली.

संगणकावर मात्र या जोडीला सारखे स्थान मिळाले नाही. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लास या बैजिक लायब्ररीत अदिश गुणाकार होता, कारण तो कितीही घटकांच्या सदिशांना लागू पडतो. सदिश गुणाकार मुख्यतः त्रिमितीचा असल्याने त्याला तेथे जागा नव्हती. ती त्याला चित्रणाच्या क्षेत्रात मिळाली, आणि 2004 मध्ये ओपनजीएल या चित्रण-प्रणालीचा अधिकृत भाग झालेल्या जीएलएसएल भाषेत ‘डॉट’ (अदिश गुणाकार) आणि ‘क्रॉस’ (सदिश गुणाकार) ही दोन्ही फलने अंगभूत आली. गुणाकाराचे नेहमीचे चिन्ह मात्र तेथे तिसऱ्याच क्रियेला दिलेले आहे: वरील दोन सदिशांमध्ये ते घातले की घटकाला घटक गुणून (4, 10, 18) मिळते, आणि प्रकाशाच्या रंगाने पृष्ठभागाचा रंग गुणताना नेमके हेच हवे असते.

दरम्यान वादात हरलेला पक्ष, म्हणजे क्वाटर्नियन, हाही परतला होता. वस्तूचे वळण तीन कोनांनी सांगितले, तर विशिष्ट स्थितीत दोन अक्ष एका रेषेत येतात आणि फिरण्याची एक दिशा हरवते. याला गिंबल लॉक म्हणतात. क्वाटर्नियन वापरल्यास ही अडचण टळते; 1985 मध्ये केन शूमेक यांनी सचेतनपटातील वळणांसाठी ते कसे वापरावेत हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून त्यांचा वापर वाढत गेला. आज थ्री.जेएस ही चित्रण-लायब्ररी आणि युनिटी हे गेम इंजिन या दोन्हींत सदिश व क्वाटर्नियन हे प्रकार शेजारी शेजारी आढळतात, स्थान आणि दिशा यांसाठी पहिला व वळणासाठी दुसरा. गिब्ज आणि टेट यांच्या पक्षांनी ज्यांना प्रतिस्पर्धी मानले, त्या पद्धती वस्तुतः एकमेकींना पूरक होत्या, असाच निष्कर्ष या इतिहासातून काढावा लागतो.